मडक्यातले नायक

देवसिंग नायकांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आता ते मडक्यातून बोलू लागले होते.

महागावजवळच्या त्यांच्या तांड्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कडुलिंबाखाली घनश्याम महाराज आणि पुढ्यात लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. महाराज डोळे पांढरे करून ओरडायचे, "नायका, ये!" मडक्यात 'टुंग' वाजायचं. "घंटानाद! स्वर्गाचं दार उघडलं!" आणि मग हुबेहूब देवसिंगांचा घोगरा आवाज, "लाली, गोळ्या फेकून दे. महाराजांचा अंगारा घे." बाया रडत, माणसं मडक्यापुढे लोटांगण घालत. स्वर्गाच्या दाराला बेल कधी बसवली, असं कुणी विचारलं नाही.

देवसिंगांची लेक शीला पुसदच्या शाळेत विज्ञान शिकवायची. हे कानावर येताच ती धावत माहेरी आली. महाराजांचा संताप होताच, पण जीव अडकला होता आईत. लालीबाईला एकदा लकव्याचा झटका येऊन गेलेला. ब्लडप्रेशरची गोळी चुकवली तर पुढचा झटका जीव घेईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गोळ्या तर उकिरड्यावर पडल्या होत्या.

"याडी, नव्या आणल्या. घे न एक," शीला आईला म्हणाली.

"तुह्या बापानं नाही म्हटलं. त्याईचा शब्द मी जितेपणी मोडला नाही, आता कायले मोडू?"

"बा तुह्यासंग कधी मराठीत बोलला का?"

नवराबायकोत जन्मभर बंजाऱ्यांची गोर बोलीच चालली होती. पण लालीबाईचा मुलगा इंद्रजीत खेकसला, "सोर्गात समदे मराठीच बोलतेत, महाराजानं सांगतलं!" अक्कल गहाण टाकली की माणसाला उत्तरं फार लवकर सुचतात.

ते 'टुंग' शीलाच्या ओळखीचं होतं. शाळेतला परिपाठाचा स्पीकर मोबाइलला जोडला की असाच वाजायचा. आवाजाचं कोडंही सुटलं. गोर बोली लिहायची सवय नाही, म्हणून तांड्याच्या ग्रुपवर सगळे बोलूनच निरोप टाकत, आणि त्या ग्रुपमध्ये कुणीही शिरावं. देवसिंगांचे ढीगभर निरोप तिथे पडलेले. आवाजाचा नमुना दिला की हल्ली मोबाइल कुणाच्याही गळ्यानं बोलतो. पण त्या मोबाइलला गोर बोली येत नव्हती, आणि महाराजांनाही.

कडुलिंबाखाली पुन्हा मडकं मांडलं होतं, आणि जवळच जीपमध्ये महाराजांचा चेला मोबाइल घेऊन बसला होता. शीला इंद्रजीतच्या कानाशी म्हणाली, "पाहुणा सकाळपासून बसून राह्यला, अन् कोणी चहा नाही विचारला? बा असता तर काय म्हटलं असतं?"

इंद्रजीत ओशाळला. 'नको, नको' म्हणणाऱ्या चेल्याला दंडाला धरून त्यानं पार टोकावरच्या घरी नेलं. मोबाइल लांब गेला तशी जोडणी तुटली. शीलानं स्पीकर आपल्या मोबाइलला जोडला.

टुंग!

"घंटानाद!" महाराज गरजले. "नायक आले!"

"लाली, गोळी खादी कांई?"

बाजारातून देवसिंग रोज ग्रुपवर हाच निरोप धाडायचे. गोळी खाल्लीस का, एवढंच. लालीबाई मडक्याकडे सरकली.

महाराजांना 'गोळी' तेवढं कळलं. दोन्ही हात उंचावून ते म्हणाले, "ऐकलंत? नायक म्हणतात, गोळ्या फेका!"

सारा तांडा खदखदून हसला. शीलानं फडकं उचललं आणि आतला स्पीकर सगळ्यांना दाखवला. महाराज जीपकडे पळाले, पण किल्ली चेल्याच्या खिशात आणि चेला अजून चहाच पीत होता. पोलीस येईस्तोवर इंद्रजीत जीपला आडवा उभा राहिला.

"आवाज वळखीचा वाटला म्हणून औषध फेकता?" शीला कडाडली. "पायतानं घेतानाही उलटीपालटी करून पाहाता न! मंग जिवाचा सवाल असतानी हे फडकं काहून उचललं नाही कोणी?"



"मेलेला माणूस बायकोची बोली कसा भुलीन?" लालीबाई पुटपुटली. "मले समजाले पायजे होतं. आण ते गोळी."

पाण्याच्या घोटाबरोबर तिनं ती गिळली. मग लेकीच्या मोबाइलकडे पाहून हळूच म्हणाली, "खादी."