पितृपक्षातली दुसरी पार्टी

गुरुवारी, चार सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी यशोधरा मोरेच्या मोबाइलवर कुळगावच्या हॉलवाल्याचा फोन आला आणि तिच्या लग्नाचं बुकिंग रद्द झालं. लग्न दहा दिवसांवर होतं. फोन दोन मिनिटंही चालला नाही.

"मॅडम, कमलेश बोलतोय, हॉलवरून. तुमची चौदा तारीख जमणार नाही."

"का?"

"दुसरी पार्टी आहे. त्यांचं लग्न आधीच बुक होतं, आमच्याकडून एंट्री राहून गेली. अ‍ॅडव्हान्स परत करतो ना, टेन्शन नका घेऊ."

"चौदा सप्टेंबरला लग्न आहे त्यांचं?"

"हो ना. मोठी पार्टी आहे."

यशोधरा अंबरनाथला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. आकडा चुकला की पेशंटला भलतंच औषध सुरू होतं, हे सात वर्षांत तिच्या हाडीमाशी भिनलेलं. फोन ठेवून तिने टेबलामागचं कॅलेंडर पाहिलं. आठ तारखेपासून एकवीसपर्यंत प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात श्राद्धाची तिथी छापलेली होती. पितृपक्ष. या पंधरा दिवसांत बदलापूरमध्ये लग्न सोडा, कोणी नवा मिक्सरसुद्धा घेत नाही.

आणि तिने ही तारीख निवडली होती ती नेमकी त्याचसाठी.

कल्पना तिचीच होती. जूनमध्ये ती आणि मिलिंद बेलवलीच्या एका रसवंतीत बसून खर्चाचा विचार करत होते. मिलिंद एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत सुपरवायझर. दोघांनी ठरवलं होतं की कर्ज काढायचं नाही आणि आईबापांच्या फंडाला हात लावायचा नाही. डिसेंबरचे हॉलचे दर ऐकून मिलिंदचा ग्लास अर्धाच राहिला. तेव्हा ती म्हणाली, "आपल्याला मुहूर्त लागतो का?"

"नाही."

"पंचांग?"

"घरात नाहीच."

"मग ज्या दिवशी कोणालाच हॉल नको असतो, त्या दिवशी आपण घेऊ. हॉल अर्ध्यात, डेकोरेशनवाला अर्ध्यात, फोटोवाला तर घरी बसून माश्याच मारत असणार. जे वाचेल त्यात मुन्नार. चार रात्री."

मिलिंद हसला होता. "म्हणजे आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ती आपल्या हनिमूनसाठी."

विहाराचा हॉल मिळाला असता, पण वर्षावास चालू होता, दर रविवारी तिथे ग्रंथवाचन. म्हणून उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या हितेशला गाठलं. हितेश केटरर, यशोधराच्या घरापासून चौथी गल्ली. त्याने तोंड भरून स्वागत केलं. "दीदी, श्राद्ध में शादी? हे तर लय भारी. आमचे आचारी पंधरा दिवस नुसते झोपा काढतात. हॉल, जेवण, खुर्च्या, सगळं एका पॅकेजमध्ये देतो. हॉल माझ्या नावाने बुक करतो, मला रेट वेगळा पडतो." हॉलचे आगाऊ पैसे मिलिंदच्या खात्यातून थेट हॉलवाल्याकडे गेले. हॉलच्या रजिस्टरात नाव लागलं हितेशचं, आणि पुढे शब्द लिहिला गेला 'फंक्शन'.

गुरुवारी सकाळी हितेशचा मेसेज आला होता. गेटवरच्या बोर्डासाठी मजकूर हवा, कार्डाचा फोटो टाका. दहा अडतीसला तिने कार्ड पाठवलं, त्याने ते तसंच हॉलवर पुढे धाडलं. वर बुद्धाचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात 'मंगल परिणय'. तिच्या मावश्यांच्या, आत्यांच्या, आईच्या कार्डावर होता तोच शब्द. त्यांच्या माणसांत कोणी 'शुभविवाह' छापत नाही. कार्ड हातात घेतलं की वरच्या दोन शब्दांवरूनच घर कोणाचं ते कळतं. आपल्याला कळतं तसं इतरांनाही कळतं, हे अकरा दहापर्यंत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिने हितेशला फोन लावला. तो म्हणाला, "आप रुको, मी बोलतो त्याच्याशी." वीस मिनिटांत त्याचा उलट फोन. आवाजात सौदा जमवल्याचा आनंद.

"मिटलं, दीदी! हॉल आपलाच. फक्त बोर्डावर 'शुभविवाह' टाकायचं. गेटवर ते फोटो लावायचे नाहीत. आणि ते तुमचं बुद्धं शरणं माइकवर नको, आतल्या आत हळू म्हणा. बस. बाकी सब फर्स्ट क्लास."

"आणि ती दुसरी पार्टी?"

"कौनसी पार्टी?" हितेश म्हणाला.

यशोधराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षभर गिऱ्हाइकांना मारून मारून गुळगुळीत झालेली थाप कमलेशने तिच्याही तोंडावर मारली होती, आणि मारताना तारीखसुद्धा पाहिली नव्हती. निदान नीट खोटं बोलण्याइतकी तरी किंमत द्यायची होती.

संध्याकाळी सहाला ती आणि मिलिंद हॉलवर गेले. हॉल रिकामा. खुर्च्यांची चळत भिंतीला लावलेली, स्टेजवर वाळत घातलेल्या चादरी. कमलेश पस्तिशीचा, गळ्यात साखळी, वागायला मऊ. त्याने दोघांना बसवलं, थंडा मागवला.

"दादा, कुठल्या पार्टीचं लग्न आहे चौदाला?" यशोधराने बसायच्या आधी विचारलं.

"अहो मॅडम, ते सोडा ना. हितेशशेठशी बोलणं झालंय."

"सोडा कसं? पितृपक्षात लग्न करणारं घर मला बघायचंय. आमच्यासारखंच असेल, सोयरीक जमेल."

मिलिंदने तिच्या कोपराला हात लावला. कमलेश हसला नाही.

"हे बघा, माझं स्वतःचं काही नाही. मी हे मानत नाही. पण आमची आई जुनी आहे, हॉल तिच्या नावावर. गावचे लोक येतात, बोलतात. बोर्डच बदलायचाय ना? तुमचं जेवण तेच, खुर्च्या त्याच." मग तो मिलिंदकडे वळला, आवाज आणखी मऊ करून. "बनूबाई नऊ वर्षं आमच्या गाळ्यात शिलाईचं दुकान चालवतात. आम्ही कधी काही बोललो? कधी भाडं वाढवलं? विचारा आईला."

बनूबाई म्हणजे मिलिंदची आई. तिचा गाळा हॉलच्याच मागच्या बाजूला होता. मिलिंदने खाली पाहिलं. भाडं चालतं, ब्लाउज शिवून घेतलेले चालतात, फक्त गेटवर नाव चालत नाही, हे यशोधराच्या ओठांवर आलं होतं. पण मिलिंदचा चेहरा पाहून ती गप्प बसली. तिला सगळ्यात जास्त राग आला तो या गप्प बसण्याचा.

बाहेर पडताना हॉलच्या पायरीवर एक म्हातारी वाल सोलत बसलेली होती. काष्टी नेसलेली, नाकात मोठी नथ. हीच पुतळाबाई, हॉलवर जिचं नाव आहे ती. यशोधरा वाकून म्हणाली, "आजी, आमच्या लग्नाचा बोर्ड तुम्हाला नको आहे का?"

म्हातारीने वर पाहिलं. "कनचा बोर्ड?"

"गेटवरचा. दादा म्हणतात, आईला चालत नाही."

"मना? मना कोन इचारतय गो!" पुतळाबाई वालाची साल सुपात टाकत म्हणाली. "हॉलाला नाव माजा हाय, चावी त्याचे जवल. मना तर वाचाला पन नाय येत."

आतून कमलेशने हाक मारली, "आई, आत ये." म्हातारी सूप घेऊन उठली.

स्टेशनच्या रस्त्यावर मिलिंद म्हणाला, "दोन तासांचा बोर्ड आहे, यशो."

"मग दोन तासांसाठी तो त्याला का सहन होत नाही?"

"माझ्या आईचं दुकान आहे तिथे."

"माहीत आहे."

"पैसे अडकलेत. मुन्नारचं हॉटेल परत देत नाही एक रुपया. मी काय म्हणतो, एकदा लग्न होऊन जाऊ दे. नंतर त्याला बघू."

"नंतर कोण बघतं, मिलिंद? लग्न झाल्यावर आपण मुन्नारला फोटो काढत असू, आणि तो पुढच्याला सांगेल, त्यांनी ऐकलं, तुम्हाला काय झालं?"

बेलवलीच्या रिक्षात बसताना त्याने फक्त "घरी पोचलीस की मेसेज कर" म्हटलं.

घरी वडिलांनी, शंकर मोरेंनी, सगळं ऐकून चष्मा काढून ठेवला. ते कारखान्यातून रिटायर झालेले, वादाला नको म्हणणारे. "रजिस्टर करून टाका. शंभर माणसांना फोन करू, सांगू पुढे ढकललं. कोर्टकचेरीत लग्नाची चव जाते, बाळा."

आई, गयाबाई, मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली. "पुढे ढकललं म्हणून सांगायचं? कशासाठी ढकललं म्हणून सांगायचं? माझ्या लग्नात कार्ड छापायला पैसे नव्हते, माझ्या बापाने पोस्टकार्डावर हाताने लिहिलं होतं. मंगल परिणय. पन्नास पोस्टकार्डं. आणि आता चार रंगांत छापून आपणच खोडायचं?"

"मी खोडायला कुठे सांगतोय, गया?"

"मग काय सांगताय? पोरीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा?"

"ॲट्रॉसिटी लागेल त्याला, सोपं नसतं ते. वर्षं जातात."

"वर्षं तशीही जातात," गयाबाई म्हणाली आणि पुन्हा जुडी उचलली.

शुक्रवारी यशोधराने हाफ डे टाकला आणि पोलीस ठाण्यात गेली. अर्ज तिने लॅबमध्येच टाइप केला होता, वेळेनिशी. कार्ड दहा अडतीस. फोन अकरा दहा. हितेशचा निरोप अकरा छत्तीस, तीन अटींसह. ठाणे अंमलदाराने अर्ज पूर्ण वाचला. तो चांगला बोलला. पाणी दिलं.

"ताई, फोन रेकॉर्ड आहे?"

"नाही."

"हितेश साक्ष देईल?"

तिने तिथूनच फोन लावून स्पीकरवर ठेवला. हितेश म्हणाला, "दीदी, मेरा धंदा है. वर्षाला बारा फंक्शन त्या हॉलमध्ये होतात. जेवण मी कुठे पण देतो, मैदानात सांगा, मैदानात देतो. पण ये पुलिस-वुलिस में मेरा नाम मत डालो, हात जोडतो."

अंमलदाराने खांदे उडवले. "उद्या विसर्जन आहे, आख्खा स्टाफ बंदोबस्ताला. अर्ज ठेवतो. सोमवारी त्याला बोलावतो."

तिने अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का मारणारा माणूस जागेवर नव्हता. ती पाऊण तास बाकावर बसून राहिली, शिक्का घेऊनच उठली.

सोमवारी, पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी, कमलेश दुपारी साडेतीनला पोलीस ठाण्यात आला. सोबत वकील. कमलेशने जबाब लिहून दिला. जात विचारण्याचा प्रश्नच नाही, आमच्याकडे सगळ्या समाजाचे कार्यक्रम होतात. चौदा तारखेचं बुकिंग पार्टीने स्वतः रद्द केलं. आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. अ‍ॅडव्हान्सची रक्कम शुक्रवारी दुपारी एक वीसला परत पाठवलेली. पाठवताना लिहिलेला शेरा : 'पार्टीने कॅन्सल केले'. रक्कम गेली होती मिलिंदच्या खात्यावर.

यशोधराने ते दोनदा वाचलं. शुक्रवार एक वीस. आज सोमवार. तीन दिवसांत मिलिंद तिच्याशी सात वेळा बोलला होता. मुन्नारच्या बसबद्दल, तिच्या पांढऱ्या साडीच्या फॉलबद्दल, बौद्धाचार्यांच्या जाण्यायेण्याबद्दल. पैसे परत आले, हे एकदाही म्हणाला नव्हता.

"तुमच्या अर्जात तर त्यांनी रद्द केलं असं लिहिलंय," अंमलदार म्हणाला. "इथे उलटं दिसतंय. बुकिंग तुमच्या नावावर नाही, पैसे तुमच्या खात्यातले नाहीत. ज्यांच्या खात्यातले आहेत, त्यांना सांगू दे की आम्ही रद्द केलं नाही. त्यांचा जबाब आला की मी हे पुढे पाठवतो. नाहीतर माझ्या हातात काय आहे, तुम्हीच सांगा."

कमलेशने घड्याळ पाहिलं. "मॅडम, अजून पण सांगतो. बोर्ड बदला, हॉल घ्या. विषय संपला."

"तुमची ती मोठी पार्टी कुठे गेली?" यशोधराने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोन हवालदारांनी मान वळवली. "तिला पण पैसे परत केले का?"

वकील म्हणाला, "ताई, इथे नको."

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि पावणेपाचला मिलिंदला फोन लावला.

"पैसे आलेत ते सांगितलं का नाहीस?"

पलीकडे मशिनचा आवाज होता. "सांगणार होतो."

"कमलेश आईला भेटला का?"

"शनिवारी आला होता दुकानात. चहा प्यायला. काही बोलला नाही. नुसता म्हणाला, अ‍ॅग्रीमेंट संपतंय ना यंदा."

"मिलिंद, तू जबाब दिलास तर हे पुढे जातं. नाही दिलास तर लेखी असं राहतं की आपणच रद्द केलं. मी आणि तू. मैदानात मांडव घालू, मुन्नार गेलं तर गेलं, मला त्याचं काही नाही. पण हे असं लेखी राहू देणार नाही मी."

"आईला विचारून..."

"विचार. मी थांबते."

पाच वाजून वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला. 'निघालो.' कुठून निघाला आणि कुठे, ते लिहिलं नव्हतं. कंपनीपासून पोलीस ठाण्यापर्यंत रिक्षाने पंचवीस मिनिटं लागतात.

कमलेश आणि वकील सहाला निघून गेले. सव्वासहाला अंमलदाराने आतून विचारलं, "येतायत ना?" ती "हो" म्हणाली. त्याची ड्युटी आठला संपत होती.

सहा चाळीसपर्यंत मिलिंद आलेला नव्हता. त्याच्या जबाबाचा कागद टेबलावर होता, वर नाव आणि पत्ता लिहिलेला, खाली कोरा. त्याचा फोन लागत होता, तो उचलत नव्हता.