औंधची भिंत

"ह्यातले दगड कुठं गेले? तू काढलेस?"

लालासाहेबांनी धैर्यशीलचा लॅपटॉप अक्षताकडे वळवला. पडद्यावर आज भेटीला येणाऱ्या गिऱ्हाइकाचं, सुभेदारांचं, नियोजित घर उभं होतं, पण पांढरंफटक. ना भिंतींना दगड, ना छपराला कौल. लालासाहेबांच्या साताऱ्यातल्या या घरांच्या नकाशांच्या ऑफिसात अक्षता संगणकावर घरं उभी करायची. हे घरही तिचंच, तीन आठवडे खपून केलेलं.

"काल माझ्या मशीनवर सगळं होतं, सर."

"मग ह्याच्याच मशीनवर का न्हाई? आजच्या मीटिंगला बसवलं न्हाई म्हणून डाव साधलास व्हय? तसं निघालं तर उद्यापासनं येऊ नगंस."

धैर्यशील त्यांचा पुतण्या. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू बसस्टँडवर गाड्या आज पहिल्यांदाच लागल्या होत्या. अक्षताच्या मनात पाल चुकचुकली. तिने फाइल त्याला दिलीच नव्हती. काल ती लवकर घरी गेली, तेव्हा तिच्या खुर्चीत कोण बसलं होतं?

तिने न सापडलेल्या फोटोंची यादी उघडली. संगणकातल्या भिंतींवर खऱ्या दगडांचे फोटो चढवतात, पण घराच्या फाइलमध्ये ते फोटो नसतात, ते कुठे ठेवलेत त्याचा पत्ता तेवढा असतो. धैर्यशील बहाद्दराने नुसती फाइल उचलली आणि फोटो तिच्या मशीनवरच राहिले. आता प्रत्येक पत्त्यात एकच नाव दिसत होतं. सी ड्राइव्ह, यूजर्स, अक्षता. खाली पुन्हा तेच, त्याखाली पुन्हा तेच.

लालासाहेबांनी चष्मा सावरून यादी वाचली. पुतण्याकडे पाहिलं. आता ते त्याला काहीतरी बोलतील, असं अक्षताला वाटलं.

"बरं, जाऊ दे. सुभेदार जिना चढाय लागलेत. नीट कर बिगीबिगी."

अक्षताला रडूच आलं, पण हात थांबले नाहीत. तिने फोटो आणून फाइलशेजारी ठेवले आणि कुठल्याही मशीनवर चालावेत असे पत्ते छोटे केले. दगड परत आले, कौलं आली. तिचं नाव मात्र एकेका ओळीतून पुसलं गेलं.

मलकापूरचे आकाराम सुभेदार येऊन बसले. धैर्यशील "माझं डिझाइन" म्हणत घर फिरवून दाखवू लागला.

"थांब रं जरा," सुभेदार म्हणाले. "ह्यो दगड कुठला? कुणी रचलाय? मला असाच गवंडी पायजे."

धैर्यशीलने काकाकडे पाहिलं. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"औंधचा हाय, साहेब," दाराशी उभी असलेली अक्षता म्हणाली. "आमच्या घरामागची भिंत. माझ्या वडलांनी रचलीया. केरू गवंडी. आता न्हाईत ते."

सुभेदारांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस हितं. म्होरलं तू दाखव."

अक्षताने घर हळूच वळवलं. कोपऱ्याजवळ एक दगड किंचित तिरपा होता. तो वडिलांनी तसा का बसवला, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.