आठ-आठ सेकंदांचं पद

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. ते सांगलीला हॉस्पिटलात गेले, तेव्हा मी इथे परदेशात, आइंडहोवनमध्ये फोन हातात धरून बसले होते. कोरोनामुळे भारतातून येणारी विमानं बंद झाली होती; गेले असते तर परत येता आलं नसतं. रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, मीटिंगा करायच्या, मधेच उठून आमटीला फोडणी द्यायची. हात आपले आपण चालत होते.

बाबा कीर्तनकार. आमच्या घरची रीत अशी, की बुवा गेले की तेराव्याला कीर्तन करायचं आणि उत्तररंगात त्यांनी स्वतः रचलेलं एक पद त्यांच्याच चालीत म्हणायचं. आजोबांना तसाच निरोप दिला होता. या वेळी कीर्तन चारुता करणार होती, बाबांची सर्वांत धाकटी शिष्या, तेही झूमवर. बाबांनी रचलेलं पद एकच, त्याचे शब्द वहीत होते. चाल मात्र कुणालाच येत नव्हती, कारण बाबांनी ते पद तीस वर्षांत म्हटलंच नव्हतं.

"ताई, मी भीमपलासात बसवू का?" चारुतानं विचारलं.

"नको. बाबांची चाल मिळेल. थांब तू."

मी एवढं ठामपणे म्हणाले ते जयप्रकाशकाकांच्या भरवशावर. हे बाबांचे धाकटे भाऊ, एक्क्याऐंशी वर्षांचे, याच देशात, युट्रेख्टला राहतात. नव्वद साली बाबा त्यांच्याकडे तीन आठवडे राहून गेले, तेव्हा काकांनी हे पद आपल्या घरगुती कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. एमएसएक्स म्हणायचे त्या यंत्राला. त्यात एका वेळी आठ सेकंदांचाच आवाज मावायचा, म्हणून सात तुकडे केले. "ध्रुवपद आणि पहिलं कडवं आख्खं आहे बघ," काका म्हणाले. पुढे त्यांनी ऑफिसच्या पीसीवर सातही फायली दाबून एक झिप केली, ती फ्लॉपीवर घेतली आणि यंत्र विकून टाकलं. फ्लॉपी मला पोस्टानं आली.

लॅपटॉपला फ्लॉपीचं तोंड नाही, आणि आवाजही त्या जुन्या यंत्रालाच कळेल अशा तऱ्हेनं साठवलेला. समोरच्या घरातले खेरिट, वय अठ्ठ्याहत्तर, गॅरेजमध्ये तेच यंत्र जपून आहेत. त्यांच्याकडे गेले. गॅरेजचं दार सताड उघडं, मधे दीड मीटर अंतर, दोघांच्या तोंडाला मास्क. मे महिना असून गारठा होता.

"पीसीवर बांधलेलं गाठोडं माझ्या म्हातारीला सुटतं का, बघू," यंत्रावर हात ठेवत खेरिट म्हणाले.

सुटलं नाही. त्यांच्याकडच्या प्रोग्रॅमनं पडद्यावर एक ओळ लिहिली, की ही पद्धत मला माहीत नाही.

"गाठ नव्या तऱ्हेची आहे," ते म्हणाले. "म्हातारी आधी जन्मली, गाठ नंतर निघाली. हिचा काय दोष?"

वाखनिंगन गावातल्या त्यांच्या एका मित्राकडे पुढच्या काळातला प्रोग्रॅम होता. तो पोस्टानं यायला दोन दिवस गेले. दोन्ही दिवस चारुताचा मेसेज आला, "ताई, चाल?" आणि मी दोन्ही दिवस लिहिलं, "येतेय."

अकराव्या दिवशी दुपारी गाठोडं सुटायला लागलं. यंत्राची स्मृती एवढीशी, त्यामुळे एकेका फायलीला पंधरा मिनिटं. पडद्यावर आकडा सरकत होता. वॉशिंग मशीनकडे पाहत बसावं तशी मी त्याच्याकडे पाहत बसले. खेरिटनी थर्मासमधली कॉफी दिली, ती हातातच गार झाली.

सातही फायली सुटल्यावर त्यांनी पहिली लावली.

टाळ वाजले. मग बाबा. "विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल," खणखणीत, आणि शेवटी पद उचलण्यासाठी घेतलेला श्वास. संपलं.

दुसरी लावली. टाळ, विठ्ठल, विठ्ठल, श्वास. तिसरीही तशीच. चौथी, पाचवी, सहावी. सातवीत श्वासानंतर एक स्वर लागला, आणि तोही अर्ध्यात तुटला.

"तुझे वडील आपलं नाव सांगताहेत का?" खेरिटनी विचारलं.

"नाही. देवाचं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी मान हलवली. "मग गाणं कुठे आहे?"

मी तिथूनच काकांना फोन लावला.

"अगं, मग?" काका म्हणाले. "देवाचं नाव न घेता दादा तोंड उघडेल का? बटण दाबलं की नवी सुरुवात. नवी सुरुवात म्हटली की नामघोष आलाच. मीच म्हटलं त्याला, दादा, यथासांग होऊ दे."

"आणि आठ सेकंद, काका?"

"ते कोण मोजतंय? माझ्या हातात टाळ होते."

"नंतर ऐकलं नाहीत?"

"ऐकलं की. गोड वाटलं."

"चाल आठवते का थोडी तरी?"

"मी टाळकरी गं. चाल दादाच्या गळ्यात." मग हळू आवाजात म्हणाले, "सुचेता, मला ऐकव ना ते."

खेरिटनी सातही फायली पुन्हा लावल्या. मी फोन स्पीकरपाशी धरला. पलीकडे काका रडत होते, ते मला नीट ऐकू येत होतं. माझा हात अवघडला, मी हात बदलला.

मग चारुताला फोन केला. सांगलीत संध्याकाळ झाली होती.

"चाल नाही मिळाली. तुझी लाव."

"ताई, नक्की? रीत मोडते म्हणतील सगळे."

"मी सांगेन सगळ्यांना. बाबांचा नामघोष आहे सात वेळा, तो आधी लावू. तिथून पुढे तू उचल."

"तू रडलीस का गं?"

"नाही. घरी जाऊन कुकर लावायचाय अजून."

"मग जरा ऐक," ती म्हणाली, आणि तिनं ध्रुवपद म्हटलं. चाल सरळ होती. चांगली की कशी, ते मला त्या वेळी काही कळलं नाही. ओळीच्या शेवटी ती थांबली. ऐकणाऱ्यानं ओळ उचलायची ती जागा होती. बुवांना तिथे एकटं उभं ठेवत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. फोनवर नुसती खरखर होती. चारुता थांबून होती. खेरिट माझ्याकडे बघत होते.

मी मास्क खाली ओढला आणि ओळ म्हटली. आवाज कोरडा निघाला, पण सुरात होता.

"हं," चारुता म्हणाली. "आता कडवं."