सीतेच्या वेणीचं डोहाळजेवण

मी सीतेची वेणी बोलतेय, झाडाच्या फांदीवर वाढणारं फुलझाड. सीता माझी कोणी लागत नाही; लोकांनी नाव ठेवलं, मी चालवून घेतलं. कशेळ्याच्या शाळेसमोरच्या आंब्यावर मी वाढले. खिडकीतून ऐकून ऐकून माझी दुसरी झाली. तिसरीआधीच फांदी मोडली. रानातलं विकणाऱ्या वाडीवरच्या कोंडीने मला उचललं नि बाजारात सहदेवाच्या हाती दिलं.

सहदेव म्हणजे कर्जत स्टेशनावरचा निवृत्त सांधेवाला. रूळ बदलायचे सुटले, तेव्हा त्याला झाडांचं खूळ लागलं. पडवीभर रॉकेलच्या डब्यांत क्रोटन नि नेचे. मलाही डब्यात कमरेपर्यंत पुरलं. रोज तांब्याभर पाणी. अहो, मी वाऱ्यावर जगणारी बाई! चार वर्षं फुललेच नाही.

"अवो," त्याची बायको चंद्राबाई म्हणाली, "ह्या पावसाळ्यात फुलली नाय, तर शेळीला घालीन."

शेळी तेव्हापासून माझ्याकडे बघून रवंथ करू लागली.

ज्येष्ठात माझ्या अंगातून हिरवी टोकदार गाठ निघाली. सहदेव ओरडला, "अगं, कळी आली!"

मला ठाऊक होतं, ते मूळ आहे. पण समोर शेळी. म्हटलं, कळी तर कळी.

शेजारची गौराबाई थट्टेने बोलली, "पयलटकरीण हाय, डोहाळजेवण करा की!" सहदेवाने ते खरंच धरलं. डबा शोभेना, म्हणून चंद्राबाईने मला उपटून, धुऊन, हिरव्या खणाने झोपाळ्याच्या फळीला बांधलं. ओटी भरली. मुलगा की मुलगी ओळखायला पेढा आणि बर्फी झाकून ठेवली. लढाईमुळे साखर रेशनवर, म्हणून दोन्ही गुळाचीच. मी काय उचलणार? शेळीने दोन्ही उचलली.

तेवढ्यात कोंडी करवंदं विकायला आली. वाकून बघते तर काय!

"बाबा, ही कळी नाय. मूळ हाय."

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. चंद्राबाई खणाची गाठ सोडायला धावली. सहदेव आडवा आला.

"वटी भरलीस ना गं? वटी भरलेल्या बाईला बाळंत व्हायच्या आत कोन घराबाहेर काढतं?"

चंद्राबाईने गाठ उलट आणखी आवळली.

मी झोपाळ्यावर राहिले. ना माती, ना तांब्या. नुसता वारा नि शिंतोडे. मुळांनी फळीला घट्ट मिठी मारली.

"म्हशीलाबी येवढे दिवस लागत नाय गं!" गौराबाई येताजाता चिडवायची.

पुढच्या ज्येष्ठात मी फुलले. हातभर लांब, गुलाबी, वासाची! चंद्राबाईने माझी दृष्ट काढली आणि मग शेळीला दुसऱ्या खुंटाला बांधलं.

तेव्हापासून झोपाळा माझा. सहदेव खाली बसतो नि मला झोके देतो. पाहुणा टेकायला गेला की चंद्राबाई खेकसते, "उठा, बाळंतीण हाय!"

तुम्ही याल तेव्हा एवढंच करा. परवा मला नवी हिरवी गाठ आलीय. सहदेव ओटीचा नारळ आणायला बाजारात गेलाय. हेही मूळच आहे, पण त्याला सांगू नका.

शेळीला पेढ्या-बर्फीचे डोहाळे लागलेत.