एकतिसाव्या सेकंदानंतर

वार्धक्य विभागात तिला सगळे धाकटी म्हणत. बाई चौतीस वर्षांची. पण ज्या इमारतीत सत्तरीच्या माणसालाही 'अजून तरुण आहात' असं सांगून वर्षभराने बोलावलं जातं, तिथे तिच्या वयाला कोण विचारतो? तीन वर्षं ती एकच काम करत होती. समोर बसलेल्या वृद्धाला तीन शब्द सांगायचे, मधली पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पांत घालवायची, मग तेच शब्द परत विचारायचे आणि घड्याळाची कळ दाबायची. तीस सेकंदांत तिन्ही आले तर बरोबरची खूण. नाही आले तर चौकटीत 'उत्तर नाही', खाली तिची सही, वर विभागाचा शिक्का. तो दाखला घेऊन माणूस घरी जाई, आणि घरात त्याची हयात कोणत्या बाजूला कलंडे, हे पाहणं तिच्या कामात बसत नव्हतं.

ते तिला दिसलं तिच्याच एका चुकीमुळे. घड्याळ थांबलं की रेकॉर्डर बंद करायचा, असा नियम होता. ती मात्र तडक कागद भरायला घेई आणि रेकॉर्डर विसरे. दुसऱ्यांचा विसराळूपणा मोजणाऱ्या बाईचा स्वतःचा विसराळूपणा. तरुण संशोधक पुरस्कारासाठी निबंध लिहिताना तिने जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला घेतली. एका ध्वनिमुद्रणात म्हातारा म्हणाला, "कंदील." मग म्हणाला, "नदी." मग शांतता, कळेची टिक, आणि कागदाची सळसळ. त्या सळसळीच्या तळाशी, बावन्नाव्या सेकंदाला, एक खरखरीत आवाज वर आला: "चप्पल. तिसरी चप्पल होती." त्यावर तिचाच आवाज, मायेने ओथंबलेला: "हो हो आजोबा, झालं आता. सावकाश उठा."

स्वतःच्या मायेची इतकी शिसारी तिला कधी आली नव्हती.

'उत्तर नाही' अशी नोंद असलेली एकेचाळीस ध्वनिमुद्रणं तिने आठवडाभर ऐकली. पंधरांमध्ये खरोखरच काही नव्हतं; काळोख्या विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. सव्वीसांमध्ये उत्तर आलं होतं. उशिरा, अडखळत, तिच्या पेनाच्या कुरकुरीखाली दबून. पण आलं होतं.

"पुरस्काराच्या भाषणातली अकरावी स्लाइड काढून टाक," विभागप्रमुख म्हणाले. वृद्धाचा हात हातात घेताना आधी आपला तळवा चोळून गरम करावा, हे तिला शिकवणारा हाच माणूस.

"तिच्यासाठीच तर आधीच्या दहा आहेत, सर."

"अगं, तीस सेकंद काय मी घरी बसून ठरवले? सगळीकडे तेच आहेत. सावकाश येणाऱ्या उत्तरांवर बोल, छान बोल, टाळ्या घे. पण आपलेच दाखले चुकले असं व्यासपीठावरून सांगितलंस, तर उद्या दारात रांग लागेल."

"लागू दे की."

"या महिन्याअखेर तुझा करार संपतोय. पुरस्काराबरोबर पाच वर्षांची जागा आहे. समितीतले तिघं माझे विद्यार्थी. मी दार उघडून धरलंय, आणि तू शेजारच्या भिंतीवर डोकं आपटतेयस. एकच तर स्लाइड आहे."

ती काय बोलते हे पाहायला सर थांबलेही नाहीत.

चप्पलवाल्या म्हाताऱ्याचा पत्ता तिने कागदांतून शोधला. पन्नास वर्षं पुस्तकं बांधणारा माणूस. गल्लीत सगळे त्यांना बाइंडर म्हणत. दार त्यांच्या लेकीने उघडलं, आणि धाकटी आत येताच पुन्हा कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

"कागद आला त्याच आठवड्यात मी त्यांचं दुकान बंद केलं," लेक म्हणाली. "धारदार हत्यारं, गरम सरस, आणि डोकं ठिकाणावर नाही असं तुम्हीच लिहिलेलं. चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी रडले तरी नाही बोलले. आणि आता तुम्ही म्हणताय, चूक झाली?"

"झाली. माझ्या हातून झाली."

"वा! किती सहज!"

टेबलाशी बसलेले बाइंडर जुन्या वर्तमानपत्रांच्या आठपानी घड्या घालत होते. सुरी नव्हती, म्हणून अंगठ्याचं नख कडेवरून फिरत होतं. नख झिजून मांसाला टेकलं होतं.

"आजोबा, शब्द आठवत होता, तर मोठ्याने का नाही म्हणालात?"

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. दुसरी घेतली. तीही पूर्ण केली. लेकीने सवयीने तोंड उघडलं; धाकटीने हळूच तिचं मनगट धरलं.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही लिहीत होता. म्हटलं, पोरीला गाडी गाठायची असेल. कशाला अडवा?"

लेक फिस्सकन हसली, आणि हसता हसता तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग तशीच म्हणाली, "हे इथे, चार भिंतींत सांगून काय उपयोग? जिथे शिक्के मारता, तिथे सांगा."

पुरस्काराच्या सभागृहात थंडगार हवा होती आणि पहिल्या रांगेत विभागप्रमुख. प्रत्येकाला आठ मिनिटं. धाकटीने दहा स्लाइड सहा मिनिटांत संपवल्या. अकरावी पडद्यावर आली तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हे एकेचाळीस दाखले माझ्या सहीचे आहेत," ती म्हणाली. "यांतले सव्वीस चुकीचे आहेत. कसे, ते ऐका."

तिने ते ध्वनिमुद्रण लावलं. कंदील. नदी. आणि मग सभागृहावर ती शांतता उतरली, जी आजवर त्या इमारतीतल्या एकाही माणसाने शेवटपर्यंत ऐकली नव्हती. दहाव्या सेकंदाला कुणीतरी खोकलं. विसाव्याला खुर्च्या करकरल्या. चाळिसाव्याला अध्यक्षांनी घंटीकडे हात नेला.

"आणखी बारा सेकंद," धाकटी म्हणाली. "एवढीही जमत नसतील, तर वृद्धांचे डॉक्टर म्हणवून घेणं आपण सोडून देऊ या."

घंटी वाजली नाही. चप्पल आली. पाठोपाठ तिचा स्वतःचा गोड आवाज आला, आणि तो साऱ्या सभागृहात घुमत असताना तिने मान खाली घातली नाही.

"मग विभागाचे बाकीचे दाखलेही चुकीचे, असं म्हणायचंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझे मी मोजले. इतरांनी आपापले मोजावेत."

पुरस्कार उंदरांच्या स्नायूंवर काम करणाऱ्या एका हुशार मुलाला मिळाला. धाकटीने टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. त्या मुलाने तिचं काय वाकडं केलं होतं? पण पाच वर्षं, एक खोली, दारावर आपलं नाव: तिला ते हवं होतं. नको होतं असं ती स्वतःशीसुद्धा म्हणाली नाही.

बाहेर जिन्यावर बाइंडरांची लेक उभी होती. मागच्या रांगेत बसून तिने सगळं ऐकलं होतं.

"दुकानाची किल्ली त्यांना द्यायची की नाही, हे आता मला कोण सांगणार?"

"मी. तपासून सांगेन, आधीच हो म्हणणार नाही. उद्या दहाला घेऊन या त्यांना."

"तुमची नोकरी राहील तोवर?"

"एकवीस दिवस आहेत. रोज दोघांना बोलावलं, तर एकेचाळीसही जण होतील."

दुसऱ्या दिवशी दहाला बाइंडर इस्त्रीचा सदरा घालून आले. धाकटीने पेन आणि कोरा कागद टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला. शब्द या वेळी नवे होते: खिडकी, मीठ, शिट्टी. पाच मिनिटं त्यांनी तिला सरस किती पातळ असावा हे सांगितलं. मग तिने विचारलं.

"खिडकी," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शिट्टी."

आणि थांबले. त्यांच्या कपाळावर एक आडवी रेघ उमटली, जणू आत कुणी पानं उलटत होतं. तेवढ्यात दार उघडलं. दारात विभागप्रमुख, हातात तिच्या नावाचा लिफाफा, मागे बाकावर टेकलेली आणखी एक म्हातारी.

"धाकटे, हे काय चाललंय? कुणाला विचारून बोलावलंस यांना? बाहेर ये आधी."

बाइंडरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त उजवा तळवा वर केला.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "येतोय तो."

धाकटी जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. विभागप्रमुखांनी काही बोलायला ओठ उघडले, त्या वर केलेल्या झिजल्या नखाच्या हाताकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दासाठी दारात ताटकळत उभे राहिले.