पट्ट्यावरची मूठ

लढत चालू असेपर्यंत कोचने खुर्चीत तोंड मिटून बसायचं, हा नियम. पंच 'थांबा' म्हणाला की तेवढ्यापुरतं बोलायचं, आणि पंचाच्या निर्णयाबद्दल तर कधीच नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांची सख्खी बहीण कधी जुदोच्या मॅटवर उभी राहिली नसणार.

मोठीची उभी होती, आणि कोचच्या खुर्चीत मोठीच होती. निवडीची अंतिम लढत; जिंकेल ती एकटी संघात जाणार. धाकटीच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. पुढच्या निवडीपर्यंत तो टिकणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलेलं. आज नाही तर कधीच नाही.

जादा वेळ चालू होता. आता जिचा पहिला गुण, तिची लढत. आणि धाकटीच्या डोक्यावर दोन ताकिदी होत्या. तिसरी म्हणजे बाद.

पहिली ताकीद पकडीची. समोरच्या उंचाडीची एकाच बाजूची कॉलर आणि बाही धाकटीने दोन्ही हातांनी धरली. असं धरलं तर लगेच डाव टाकायचा असतो. लगेच म्हणजे किती लगेच? ते पंचाच्या पोटात. उंचाडीने तसंच धरून मजेत फेऱ्या मारल्या, तेव्हा त्या पोटातून काही बाहेर आलं नाही. दुसरी ताकीद पायाची. कोसळताना धाकटीचा हात उंचाडीच्या गुडघ्याला लागला. चुकून लागला तर शिक्षा नाही. पण चुकून की मुद्दाम, ते ठरवणार तोच.

पायाला हात लावायचा नाही, या एका नियमाने त्यांच्या घराची घडी विस्कटली होती. बाबांनी दोघींना शिकवलं ते पाय उचलूनच. डावा हात गुडघ्यामागे, खांदा पोटात, माणूस आडवा. तेव्हा चालायचं. बंदी आली तेव्हा बाबा म्हणाले, "उद्या म्हणतील, लढूच नका, वाकून नमस्कार करा आणि घरी जा." त्यांनी शिकवणं सोडलं. धाकटीच्या डाव्या हाताने मात्र पायांचा नाद सोडला नाही.

मग मोठीने त्या हाताला वळण लावलं. "खाली निघालास की स्वतःचा पट्टा धरायचा. मेलास तरी सोडायचा नाही," असं ती त्या हातालाच सांगायची.

"ताई, मी काय बसमध्ये दांडा धरून उभी आहे का?"

"तसंच समज. सुटलीस तर पडशील."

"थांबा!" पंच ओरडला.

"उजवा मानेमागे घाल! दमलीय ती, आतून पाय लाव!" मोठी एका दमात म्हणाली. "आणि डावा—"

"ठाऊक आहे गं!"

पुन्हा भिडल्या. धाकटीचा उजवा हात उंचाडीच्या मानेमागच्या कॉलरवर बसला. डावा बाहीवरून निसटून खाली गेला. धाकटीने आपल्या पायाने तिचा पाय आतून ओढला आणि उंचाडी पाठीवर अशी आदळली की मॅट हादरली. पंचाचा हात सरळ वर. पूर्ण गुण!

आणि तोच हात कानाकडे गेला. कानातल्या यंत्रातून व्हिडिओच्या टेबलावरून कुणीतरी बोलत होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर चित्रण लागलं. समोरच्या कॅमेऱ्यातून धाकटीचा डावा हात उंचाडीच्या मांडीआड गेलेला दिसत होता. तिथून बघणारा आंधळाही म्हणाला असता, पाय धरला. मोठीच्या बाजूने मूठ लख्ख दिसली होती, स्वतःच्या पट्ट्यावर. त्या बाजूलाही कॅमेरा होता. तो कुणी लावतच नव्हतं. पुन्हा तेच चित्र, पुन्हा तेच. पंच मान हलवत मॅटच्या मध्यावर आला. एकदा निकाल देऊन नमस्कार झाला की मग देवही तो फिरवू शकत नाही.

मोठी उठली. "माझ्या बाजूचा कॅमेरा लावा! हात तिच्या स्वतःच्या पट्ट्यावर आहे!"

"मॅडम, खाली बसा," टेबलावरचा मुख्य पंच म्हणाला.

"बसते. आधी बघा."

"बाहेर!"

"जाते बाहेर. पण बघा! का दुसऱ्या बाजूने बघायला डोळे दुखतात?"

दोघा रखवालदारांनी तिला दाराबाहेर काढलं. दार लागलं. आत गलका उठला. पण गलका सांगत नाही, कुणासाठी उठला ते.

दार उघडलं तेव्हा धाकटी लंगडत बाहेर आली. डावी मूठ अजून पट्ट्यावरच होती.

"ताई, सुटत नाहीये गं."

बोटं आखडली होती. मोठी गुडघ्यांवर बसून एकेक बोट सोडवू लागली. "निकाल बोल."

"बघितला तुझ्या बाजूचा. एक म्हणाला, पायाला हात नाही. दुसरा म्हणाला, मग स्वतःचाच पट्टा धरून समोरचीला पकड घेऊ दिली नाही, तीही ताकीदच."

"मेल्यांनो!"

"ऐक ना. मुख्य म्हणाला, पकड कुणाला द्यायची? ती तर हवेत होती." धाकटीला हसू फुटलं आणि लगेच रडू. "गुण राहिला ताई. पण तुला वर्षभर खुर्ची बंद. तिकडे संघातून लढताना माझ्या कोपऱ्यात कोण बसणार?"

मोठीने शेवटचं बोट सोडवलं. "बाबा."

"ते पहिल्याच 'थांबा'ला ओरडतील, उचल पाय!"

"ओरडू देत," मोठी म्हणाली. "तू पट्टा धर."