निवृत्त जनुक पुन्हा कामावर

मित्रांनो, मला शोधायला भिंग घेऊन बसू नका. डोळे दुखतील, पण मी काही दिसणार नाही. मी एक जुने जनुक आहे. जुने म्हणजे कसे, तर ज्या मुलीच्या पेशींत मी राहतो, ती नीट बसायला शिकायच्या आतच मला घरी बसवण्यात आले. इतक्या कोवळ्या वयात निवृत्त झालेला कामगार तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

त्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. आईच्या पोटात असल्यापासून ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवले. आई तर तिच्या लाथांनी हैराण व्हायची. आता स्वतःचीच टिमकी वाजवतो म्हणाल, पण त्या लाथांमागची ताकद मी पुरवत होतो. ते कसे, हे समजायला तुम्हाला आधी आमचे घर बघावे लागेल.

पेशीच्या मधोमध केंद्रक नावाची एक खोली असते. तिच्यात डीएनएचा दोरा असतो. उलगडला तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरेल, पण खोली इतकी इवलीशी की तो हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळून ठेवावा लागतो. आम्ही जनुके म्हणजे या दोऱ्याचे छोटे छोटे तुकडे. आणि गंमत अशी की हा अख्खा दोरा शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. डोळ्याच्या पेशीत आहे, कानाच्या पेशीत आहे, बोटाच्या टोकाशीही आहे. मग डोळ्यात नखे का उगवत नाहीत? कारण ज्या पेशीचे जे काम, तेवढाच दोरा सैल सोडायचा आणि बाकीचा घट्ट गुंडाळून ठेवायचा, अशी आमच्याकडची शिस्त आहे. घट्ट गुंडाळलेले जनुक मुके होते. बहिरे मात्र होत नाही. कानाच्या पेशीत मी आयुष्यात काडीचेही काम केलेले नाही, पण बसल्या जागी जे कानावर पडते ते पडतेच. म्हणून तर घरातल्या सगळ्या गोष्टी मला ठाऊक आहेत.

माझे खरे काम हाडांच्या पोकळीत, जिथे तांबड्या पेशी तयार होतात तिथे. आम्ही भावंडे दोऱ्यावर रांगेने बसतो, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि कामाची पाळीही त्याच क्रमाने येते. सगळ्यात पुढे ताई. तिची पाळी गर्भातल्या सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती. मग आम्ही जुळे भाऊ. आमच्यानंतरचा एक नावापुरता कामावर असतो, त्याच्याविषयी न बोललेलेच बरे. आणि शेवटी शेंडेफळ, आमचा धाकटा, ज्याने जन्मानंतर आयुष्यभर काम करायचे. आम्ही सगळे हिमोग्लोबिनचा एक भाग घडवतो. दुसरा भाग आमची चुलत भावंडे घडवतात. दोन्ही जुळले की तांबडी पेशी प्राणवायू उचलून अंगभर पोचवू लागते.

काम सुरू करायचे तर वाटेल तेव्हा बाह्या सरसावून चालत नाही. दोऱ्यावर बरेच लांब आमचे आजोबा बसतात. ते स्वतः काही घडवत नाहीत. पण दोऱ्याला वळसा घालून जवळ येतात आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवतात, त्याचे काम धडाक्यात सुरू होते. मग माझी नक्कल उतरवली जाते. तिला आरएनए म्हणतात. तिच्यातला फापटपसारा कापून टाकतात, कामाचे तुकडे जोडतात आणि ती केंद्रकाच्या दारातून बाहेर, प्रथिने घडवणाऱ्या कारखान्यात जाते. मी खोली सोडत नाही. नक्कल थोडे दिवस राबते आणि मोडून जाते. हवी तर पुन्हा उतरवायची.

काय दिवस होते ते! पोटातल्या बाळाला स्वतःचा श्वास नसतो. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी माझे हिमोग्लोबिन अगदी हवे तसे, मोठ्या माणसांच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू जास्त घट्ट धरणारे. आजोबांचा हात माझ्या खांद्यावरून हलत नसे. भिंगरी वाढत होती, लाथा मारत होती, आणि मी फुशारून जात होतो.

मग ती जन्मली, आणि काही महिन्यांत एक पहारेकरी माझ्या दाराशी येऊन बसला. तोही एक प्रथिनच. जनुकांना दडपून ठेवणे हा त्याचा पेशा. त्याने माझा दोरा आवळून घेतला. आजोबांनी हात काढून धाकट्याच्या खांद्यावर ठेवला. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. पण ही जगाची रीत. प्रत्येक तांबड्या बाळपेशीत हेच होते. मी म्हटले, चला, आता आराम.

आराम कसला! धाकट्याकडून काम होईना. आई आणि बाबा, दोघांकडून भिंगरीला धाकट्याची जी प्रत मिळाली होती, ती दोन्हीकडची जन्मतःच जायबंदी निघाली. त्यात त्याचा काय दोष? आजोबा खांदा दाबून दाबून थकले. तांबड्या पेशी तयार व्हायच्या आधीच मरू लागल्या. भिंगरी पांढरीफटक पडली. दूध पिता पिता दमून झोपू लागली. डॉक्टरांनी थॅलेसेमिया हे नाव सांगितले, तेव्हा आईने ते कागदावर लिहून घेतले.

तेव्हापासून दर काही आठवड्यांनी भिंगरीला दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागले. त्या पाहुण्या पेशी शिरेतून आत येत आणि निमूटपणे कामाला लागत. पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच उरत नाही, त्यामुळे ना दोरा, ना कुणाचा ठावठिकाणा. कुणी पाठवले तेही त्यांना सांगता येत नसे. राबायचे आणि संपून जायचे. त्या संपत आल्या की भिंगरी जिन्यात अर्ध्यावर बसायची. शिवाय प्रत्येक पाहुणा जाताना थोडे लोह मागे ठेवून जाई. ते हृदयात आणि यकृतात साचे. ते काढायला वेगळी औषधे. आणि मी? मी हाकेच्या अंतरावर, धडधाकट, आणि कुलूपबंद! हात असून हात बांधलेले असणे म्हणजे काय, ते मला विचारा.

भिंगरी बारा वर्षांची झाली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिघांना समोर बसवले. माझे सगळे लक्ष तिकडे.

"बिघडलेलं जनुक आपण दुरुस्त करणार नाही," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे एक जुनं जनुक आहे, पोटात असताना काम करणारं. ते चांगलं आहे. फक्त बंद आहे. त्याला उठवायचं."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझे नाव काढले होते!

"म्हणजे ही परत तान्ही होणार?" आईने घाबरून विचारले.

"आई गं!" भिंगरी खो खो हसली. "मग मला शाळेत कडेवर घेऊन जा!"

बाबा वायरमन आहेत. त्यांनी पहारेकऱ्याची हकीकत ऐकली आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "तो नडतोय ना? मग त्याचा काटाच काढा की. मुळापासून उडवा."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मेंदूत त्याचं काम आहे. रोगांशी लढणाऱ्या पेशींत आहे. सगळीकडून उडवला तर नवीन दुखणं मागे लागेल. पण त्याच्या जनुकाला एक खास बटण आहे, फक्त तांबड्या पेशींत चालणारं. तेवढंच कापायचं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "एका खोलीतला दिवा विझवायला मी अख्ख्या इमारतीची लाइन पाडत होतो. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवलं असतं."

सगळे हसले, पण आई हसली नाही. कारण पुढचे ऐकायचे होते. भिंगरीच्या रक्तातून मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यातून रक्ताच्या सगळ्या पेशी जन्मतात त्या, काढून प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथे ते बटण कापायचे. मग जोरदार औषध देऊन हाडांतल्या जुन्या पेशी नाहीशा करायच्या आणि सुधारलेल्या परत सोडायच्या. मधल्या काळात रोगांशी लढणाऱ्या पेशीही नसतात, त्यामुळे साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. आणि एवढे करून मी जागा होईनच, याची खात्री कोण देणार?

आईने भिंगरीकडे पाहिले. "तुला काय वाटतं गं?"

"मला धावायचंय," भिंगरी म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या जिवावर नाही. माझ्या माझ्या."

आईने होकार दिला.

माझ्या काही प्रती मूळपेशींबरोबर प्रयोगशाळेत गेल्या. थंडगार, चकचकीत जागा. एक अतिसूक्ष्म कात्री आली. मी अंग चोरून बसलो, पण ती माझ्याकडे फिरकलीही नाही. लांब, दोऱ्याच्या दुसऱ्याच भागात, पहारेकऱ्याच्या जनुकाजवळ गेली आणि नेमके बटण तोडून आली. माझ्या दाराला कुणी हात लावला नव्हता.

इकडे भिंगरीचे केस गळाले, तोंड आले, पाणी गिळणेही जड झाले. खोलीत बाहेरच्या कुणाला प्रवेश नव्हता. बाबा काचेपलीकडे उभे राहून नकला करायचे. त्या इतक्या भिकार असत की भिंगरी दुखऱ्या तोंडाने हसायची आणि मग त्यांच्यावर रागवायची. शेवटी एका पिशवीतून आम्ही तिच्या शिरेत परतलो आणि रक्ताबरोबर वाहत वाहत हाडांच्या पोकळीत उतरलो. नवीन संसार मांडायला वेळ लागला. मूळपेशींतून तांबड्या पेशींची पिल्ले तयार होऊ लागली. मी वाट पाहत होतो. खरे सांगतो, भीती वाटत होती. इतक्या वर्षांत काम विसरलो असलो तर?

बटण तुटल्यामुळे पहारेकरी आता फारच तुरळक घडत होता. माझ्या दाराशी बसायलाही तो पुरत नव्हता. माझा दोरा हळूहळू सैल झाला. आजोबा चाचपडत आले, सवयीने धाकट्याकडे वळले, थबकले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी नक्कल उतरू लागली. एक, दुसरी, मग मोजणेच सोडले. काही विसरलो नव्हतो! जुळा भाऊ शेजारून ओरडत होता, पण कोण कुणाचे ऐकतोय.

पुढच्या महिन्यांत रक्ताचे अहवाल चढत गेले. पाहुणे येणे लांबले, मग थांबले. डॉक्टरबाईंनी शेवटचा अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आता बाहेरचं रक्त नको. तपासायला मात्र येत राहायचं हं." बाबा रडले. आईने त्यांना रुमाल दिला आणि नाकाने "हुं" केले, पण तिचेही डोळे वाहत होतेच.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. कुणी गप्प बसलेले दिसले की ते संपले असे ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या दाराशी काय अडले आहे, ते आधी बघा, आणि अडथळा दूर करताना बाकीचे घर पाडू नका. आणि मोठे झालात, तब्येत ठणठणीत असली, की रक्त द्या. मी कुलपात असताना ज्यांनी माझी मुलगी जगवली, त्यांचे आभार मला दुसऱ्या कुठल्या मार्गाने मानता येत नाहीत.

काल भिंगरी उतारावर सुसाट धावली, ठेचकाळली आणि गुडघा फोडून घेतला. बाबा कापसाचा बोळा शोधायला पळाले. रक्ताचा ओघळ पोटरीवरून खाली निघाला होता. आई वाकली आणि त्या ओघळाकडे नुसती बघतच राहिली. मग तिला हसू फुटले.

"अहो, धावताय कशाला एवढं? येऊ द्या थोडं. घरचंच आहे!"

बरे मित्रांनो, येतो. ती बघा, पट्टी लावायच्या आतच परत धावत सुटली. ती धावायला लागली की मला बोलायला फुरसत नसते.